आरशात काय दिसत होतं

आल्ता गावात, औषधांच्या दुकानाच्या वर,
दर गुरुवारी दोन वाजता
मी तीच गाडी पुन्हा हरवतो.

तेरा वर्षं झाली. बर्फ लोटणारा माझा ट्रक पुढे,
मागे नऊ गाड्या. हिवाळ्यात आमच्याकडे
घाट असाच ओलांडतात:
पुढच्याचे दिवे सोडायचे नाहीत, थांबायचं नाही.
फाटकापाशी मी स्वतः मोजल्या होत्या. नऊ.
पलीकडच्या फाटकाशी उतरलो,
हातमोजा काढून बोटांवर मोजल्या. आठ.
पुन्हा मोजल्या, थंडीत बोटं खोटं बोलतात कधी कधी.
आठ.

शेवटची हिरवी स्टेशन वॅगन.
रान्फ्रिड मोर्तेन्सेन. शाळेत सुतारकाम शिकवायची.
सकाळी सापडली. पट्टा लावलेला, मांडीवर थर्मास.

तेव्हापासून मोजायची खोड लागली.
पायऱ्या, चमचे, नातीच्या केकवरच्या मेणबत्त्या.
मला सगळीकडे एक कमी भरते.

सिग्ने सांत्वन करत नाही, ते बरं आहे.
"तुझी चूक नव्हती, ओड्वार" म्हणून म्हणून बायको दमली,
पाद्री म्हणून गेला,
चौकशी समितीने तर शिक्का मारून लिहून दिलं.
तो कागद ड्रॉवरमध्ये आहे, बॅटऱ्यांच्या खाली.

सिग्ने विचारते, काय दिसतं?
मी सांगतो: हिरवी गाडी. मंदावते. उजवीकडे कलते.
तिचे पिवळे दिवे, उघडझाप, उघडझाप,
मग बर्फाखालून उघडझाप,
आणि मी पुढे चाललोय.

ती पेन खाली ठेवते.
"हे तुला कुठून दिसतंय?"
कुठून म्हणजे?
"तू बसलायस पुढे तोंड करून.
नववी गाडी, आठ गाड्यांच्या मागची. कुठून दिसली?"
आरशातून, मी म्हणालो. जरा चिडूनच.
"बरं. मग त्या रात्री आरशात काय दिसत होतं?"

हीटर टिकटिकत राहिला.
खाली दुकानाचं दार दोनदा वाजलं.

आरशात...
आरशावर बर्फ थापलेलं होतं.
काच खाली करून मी बाहीने पुसलं, बाही गोठली.
दोन दिवे दिसायचे, पहिल्या गाडीचे. कधी एकच.
त्यामागे पांढरं.
पांढरंही नाही. काहीच नाही.

मग तेरा वर्षं मी कुणाच्या डोळ्यांनी बघत होतो?

पेपरात फोटो आला होता. हेलिकॉप्टरमधून काढलेला,
सकाळचा, लख्ख.
तोच मी उचलून रात्रीत नेला,
त्यात दिवे लावले, त्यांची उघडझाप केली,
आणि ट्रकला मागच्या बाजूने एक खिडकी बसवली,
भिंतीएवढी,
जी कारखान्याने कधी दिलीच नव्हती.
सांधे इतके बेमालूम
की रान्फ्रिडने पूर्ण गुण दिले असते.

पश्चातबुद्धी. शाळेत शिकलेला शब्द,
तो असा घरात शिरून
फर्निचर हलवत असेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी भांडलो. म्हणालो,
ती गेली ना पण? गेलीच ना?
"गेली," सिग्ने म्हणाली. त्यात तिने काही मिळवलं नाही.

गेली ती गेलीच. रात्र तीच, घाट तोच, आकडा आठ.
पण बघूनही पुढे गेलेला माणूस
आणि न दिसल्यामुळे पुढे गेलेला माणूस
या दोघांच्या मध्ये थोडी जागा निघाली.
पलंगाएवढी नाही. बाकाएवढी.
तिथे मी मंगळवारी चार तास झोपलो.

नोव्हेंबरात योव्नाच्या ट्रकमधून घाट चढलो,
शेजारच्या सीटवर, हात मांडीखाली दाबून.
मागे अकरा गाड्या. मोजल्या मी, का नाही मोजणार.
अर्ध्यावर वारा सुटला.
विचारलं, योव्ना, तुला मागचं किती दिसतं?

"पहिली गाडी," तो म्हणाला. "कधी कधी तीही नाही.
का?"

काही नाही, म्हटलं. तू समोर बघ.